फोड आजचा, विषाणू कधीचा?

पत्र

नमस्कार डॉक्टर,
माझं वय ३१, पत्नीचं २८. लग्नाला तीन वर्षं झाली, तिला सातवा महिना चालू आहे. मागच्या आठवड्यात तिला सर्दी-ताप आला. ताप उतरला आणि खालच्या ओठाच्या डाव्या कडेला बारीक फोडांचा झुबका उठला. त्वचेच्या डॉक्टरांनी एक नजर टाकून कागदावर 'हर्पीस लॅबियालिस' लिहिलं आणि मलम दिलं. घरी येऊन मी मोबाइलवर शोधलं, तर हा लैंगिक संबंधातून पसरणारा आजार आहे असं वाचलं. मला आजवर असं काही झालेलं नाही. तिलाही यापूर्वी कधी झालं नव्हतं, असं ती म्हणते. मग हा आला कुठून? रागाच्या भरात मी तिला विचारलं, लग्नाआधी कोणी होतं का. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. आई म्हणते ही नागीण आहे, ताट-भांडं वेगळं ठेवा. बाळाला काही होईल का? संसर्ग नेमका कधी आणि कोणाकडून झाला हे सांगणारी रक्ततपासणी असते का? ती हल्ली आरशासमोरही जात नाही, सकाळी लेन्स लावण्यापुरती उभी राहते तेवढीच.
– एक वाचक

उत्तर

तुमचं घर ज्या प्रश्नावर अडून बसलंय तो आधी घेते. संसर्ग कधी आणि कोणाकडून झाला हे सांगणारी तपासणी कुठल्याही प्रयोगशाळेत होत नाही. हर्पीसची 'आयजीजी' नावाची रक्ततपासणी मिळते, पण तिच्यातून एवढंच कळतं की या विषाणूशी शरीराची कधीतरी गाठ पडली होती आणि त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं रक्तात आहेत. ती गाठ दुसऱ्या वर्षी पडली की सत्ताविसाव्या, ओठावर पडली की आणखी कुठे, याबद्दल तो कागद मुका असतो. 'आयजीएम' नावाची दुसरी तपासणी नवा संसर्ग ओळखते असं काही जण सांगतील. हर्पीसच्या बाबतीत ती भरवशाची नाही, कारण जुनाच विषाणू पुन्हा वर आला तरी ती पॉझिटिव्ह येऊ शकते. आणि समजा, उद्या तुम्ही दोघांनीही रक्त दिलंत आणि तुमचीही आयजीजी पॉझिटिव्ह आली, तर काय कराल? तशी ती येण्याची शक्यता चांगलीच आहे.

कारण हा विषाणू दुर्मीळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात पन्नाशीच्या आतल्या सुमारे ३८० कोटी लोकांच्या शरीरात तो आहे, म्हणजे शंभरातल्या ६४ जणांत. यातल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. त्यांच्या ओठावर कधी फोड येतच नाही, आला तर उन्हाने फुटलं असेल म्हणून विसरला जातो. 'मला आजवर काही झालेलं नाही' हे तुमचं वाक्य म्हणूनच फारसं काही सिद्ध करत नाही. फोड न येताही विषाणू अधूनमधून लाळेत उतरतो, आणि तो बहुतेकदा असाच, कोणालाही न कळता, एकाकडून दुसऱ्याकडे जातो. तुम्ही तिच्याकडे बोट दाखवलंत. तो तुमच्याकडूनही आलेला असू शकतो. 'असू शकतो' एवढंच म्हणते आहे. हा हिशेब कोणालाच लावता येत नाही.

आता नावाचा घोळ. 'हर्पीस' हे एका विषाणूचं नाव नाही, एका मोठ्या कुळाचं आडनाव आहे. कांजिण्यांचा विषाणू याच कुळातला. कांजिण्या बऱ्या झाल्यावर तो मज्जातंतूंच्या मुळाशी पडून राहतो आणि अनेक वर्षांनी उठला की अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे दुखरे फोड येतात, ती नागीण, म्हणजे हर्पीस झोस्टर. तुमच्या पत्नीच्या ओठावर आहे तो हर्पीस सिम्प्लेक्स. आईंचं निदान चुकलं, पण भावकीतलंच नाव घेतलं त्यांनी. (ग्रीक भाषेत 'हर्पीस'च्या मुळाशी 'सरपटणं' आहे. नागीण म्हणणाऱ्यांना आणि हर्पीस म्हणणाऱ्यांना त्वचेवर एकच चित्र दिसलं असावं.)

हर्पीस सिम्प्लेक्सचेही दोन प्रकार आहेत. प्रकार २ मुख्यतः लैंगिक संबंधातून पसरतो आणि मोबाइलवर तुमच्यासमोर आली ती माहिती बहुधा त्याची होती. ओठावर येतो तो जवळजवळ नेहमी प्रकार १. तो बहुतेकांना मिळतो लहानपणी, लाळेतून. घरातल्या कोणीतरी मायेने घेतलेली पापी त्याला पुरते. तापानंतर उठणाऱ्या या फोडांना 'ताप फुटला' म्हणायची पद्धत जुनी आहे. तुमच्या डॉक्टरांनी कागदावर 'ताप फुटला' असं लिहिलं असतं, तर तुम्ही मोबाइल हातात घेतला असता का, आणि तिला तो प्रश्न विचारला असता का? मला नाही वाटत.

हा विषाणू राहतो कसा, ते कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं. पहिल्यांदा तो ओठाच्या किंवा तोंडाच्या नाजूक त्वचेतून आत शिरतो. तिथून चेहऱ्याची संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूच्या धाग्याने मागे सरकत कवटीच्या तळाशी, कानाच्या पुढच्या बाजूला असलेल्या एका मज्जागाठीत जाऊन बसतो. तिथे तो मरत नाही आणि वाढतही नाही, आणि प्रतिकारशक्तीला तिथून त्याला हुसकून काढता येत नाही. आजचं एकही औषध त्याला तिथून बाहेर काढू शकत नाही, लसही नाही. मग कधीतरी ताप येतो, कडक ऊन लागतं, पाळी येते, झोपेचं खोबरं होतं, दातांच्या डॉक्टरांकडे ओठ ताणला जातो, आणि तो त्याच धाग्याने परत खाली उतरतो. म्हणून फोड बहुतेकदा त्याच त्या जागी येतात.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझा स्वतःचा ओठ गेली तीस वर्षं याच भानगडीत आहे. वरच्या ओठावर, उजवीकडे, नाकपुडीच्या बरोबर खाली. रात्री दात घासताना तिथे बारीक मुंग्या येतात. बाहेरून काही दिसत नाही, पण जीभ सारखी तिकडे जाते. सकाळी तिथली त्वचा ताठ आणि गरम लागते, दुपारपर्यंत मोहरीहून लहान, पाण्याने भरलेले चार-पाच फोड एकमेकांना चिकटून उभे असतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते फुटतात, ओलसर जखम होते आणि हसलं तरी ठणकतं. मग पिवळसर-तपकिरी खपली धरते. ती तोंड मोठं उघडलं की तडकते, रक्ताचा एक थेंब येतो आणि समोरचा माणूस ओठाकडे बघू लागतो. सात ते दहा दिवसांत खपली गळते, खाली गुलाबी त्वचा असते, व्रण राहत नाही. यातले सगळ्यांत संसर्गजन्य दिवस म्हणजे फोड फुटून ओलसर असतात ते. पण मुंग्या आल्या की तेव्हापासूनच सावध व्हायचं.

पहिल्यांदा संसर्ग होतो तेव्हाचं चित्र वेगळं असतं. अनेकांना काहीच होत नाही. ज्यांना होतं त्यांच्यात बहुतेक लहान मुलं, साधारण सहा महिने ते पाच वर्षं वयाची. चांगला ताप येतो, हिरड्या लाल होऊन सुजतात, ब्रश लागला तरी रक्त येतं, जिभेवर आणि टाळूवर बारीक व्रण पडतात, लाळ गळते, मूल पाणीसुद्धा पिईनासं होतं. दहा-पंधरा दिवस हा छळ चालतो, आणि घरात त्याची नोंद राहते ती 'दात येताना फार त्रास झाला' अशी. मोठेपणी पहिला संसर्ग झाला तर घसा खूप दुखतो, मानेत गाठी येतात, तोंडाच्या आत बरेच व्रण पडतात.

आता तुमच्याच पत्रातलं वर्णन पुन्हा वाचा. ताप आला, उतरला आणि मग ओठाच्या कडेला एकच छोटा झुबका उठला. तोंडात व्रण असल्याचं किंवा गाठी आल्याचं तुम्ही काही लिहिलेलं नाही. मी त्यांना तपासलेलं नाही, त्यामुळे छातीठोकपणे बोलणार नाही, पण हे चित्र जुना विषाणू उठल्याचं आहे, ताज्या संसर्गाचं दिसत नाही. 'यापूर्वी कधी झालं नव्हतं' हेही त्याच्याशी जुळतं. बालपणी शिरलेल्या विषाणूने पहिला दिसणारा फोड पंचविशीनंतर आणणं यात काहीच नवल नाही. गरोदरपण, अपुरी झोप, वर ताप. त्याला उठायला आणखी काय हवं?

तोंडाभोवती दिसणारी प्रत्येक जखम हर्पीसची नसते, हेही सांगून ठेवते. गालाच्या किंवा ओठाच्या आतल्या बाजूला पांढरट तळाचा आणि लाल कडेचा व्रण पडतो, ज्याला आपण तोंड येणं म्हणतो, तो वेगळा. तो आधी फोड म्हणून येत नाही आणि कोणाला लागत नाही. दोन्ही कोपऱ्यांत चिरा पडणं हे बहुतेकदा बुरशीचं, साचणाऱ्या लाळेचं किंवा लोह आणि ब जीवनसत्त्वांच्या कमतरतेचं काम असतं. लहान मुलांच्या नाका-तोंडाभोवती मधासारख्या रंगाची खपली दिसली तर तो बहुधा जिवाणूंचा संसर्ग असतो. पाहूनही शंका राहिली तर ताज्या फोडातला द्रव घेऊन त्यात विषाणू शोधणारी पीसीआर तपासणी करतात. तुमच्या डॉक्टरांना एका नजरेत कळलं, यात त्यांनी घाई केली असं मुळीच नाही. हे निदान बहुतेकदा डोळ्यांनीच होतं.

मलमाबद्दल थोडं. डॉक्टरांनी दिलं ते बहुधा असायक्लोविर असणार. मोठं हुशार औषध आहे हे. निरोगी पेशीत ते जवळपास निष्क्रिय पडून राहतं. विषाणू शिरलेल्या पेशीत मात्र विषाणूचंच एक विकर (एन्झाइम) त्याला चालू करतं आणि मग ते विषाणूची नक्कल थांबवतं. चोराच्याच हातून कुलूप लावून घ्यायचं असा प्रकार. ही करामत उलगडणाऱ्या गटाच्या प्रमुख गर्ट्रूड एलियन १९८८ च्या वैद्यकाच्या नोबेलच्या मानकरी होत्या. पण मलमाकडून फार आशा ठेवू नका. मुंग्या येताच लावायला घेतलं आणि दिवसातून पाच वेळा लावलं, तर दुखणं जेमतेम अर्धा-एक दिवस कमी होतं. खपली धरल्यावर लावून काही उपयोग नाही. गोळ्यांचा गुण जास्त येतो, त्याही पहिल्या दिवशीच घेतल्या तर. ज्यांना वर्षात सहा-सातदा किंवा त्याहून जास्त वेळा होतं त्यांना रोजची गोळीही देतात. गरोदरपणात असायक्लोविर पुष्कळ वर्षं वापरात आहे, तरी तुमच्या पत्नीला गोळी हवी की नको हे त्यांच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना ठरवू द्या. घरातल्या कपाटात खाज-खरूज-बुरशी सगळ्यांवर चालणारं एखादं जुनं मलम असेल तर ते ओठाला लावू नका. त्यात स्टेरॉइड असण्याची शक्यता मोठी, आणि ते विषाणूला मोकळं रान देतं. अँटिबायोटिकचाही इथे उपयोग नाही. साधं व्हॅसलिन लावलं तर खपली तडकत नाही, ते कापसाच्या बोळ्याने लावा आणि तो बोळा टाकून द्या. पुढे उन्हात जाताना सूर्यकिरणांपासून बचाव करणारं लिप बाम लावत राहिलं तर उन्हाने उठणारे फोड बरेच टळतात.

ताट-भांड्याचं म्हणाल तर आईंना सांगा, वेगळा संसार थाटायचं कारण नाही. हा विषाणू त्वचेला त्वचा लागून आणि लाळेतून जातो, शरीराबाहेर तो फार काळ टिकत नाही. त्याच्याभोवती स्निग्ध पदार्थाचं आवरण असतं आणि साबण ते मोडतो, म्हणून रोजच्यासारखी घासलेली भांडी पुरतात. खपली गळेपर्यंत पेला, चमचा उष्टा करू नये, टॉवेल आणि लिप बाम एकमेकांचं वापरू नये, एवढं पाळा. चुंबन नको आणि मुखमैथुनही नको, कारण प्रकार १ तोंडातून जननेंद्रियांवर जाऊ शकतो आणि हल्ली जननेंद्रियांच्या हर्पीसचं ते एक मोठं कारण झालं आहे. फोडाला हात लागला की हात धुवायचे. तिच्या शेजारी बसायला, तिचा हात हातात घ्यायला कोणतीही मनाई नाही.

बाळाचा प्रश्न तुम्ही मधेच एका ओळीत विचारलाय. मला विचाराल तर पत्रातला सगळ्यांत मोलाचा प्रश्न तोच आहे. आईच्या ओठावरचा जुना हर्पीस पुन्हा उठला म्हणून पोटातल्या बाळाला सहसा काही होत नाही. उलट आईच्या रक्तातली प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात आणि जन्मानंतर काही काळ त्याला थोडंफार संरक्षण देतात. धोका कुठे असतो, तर शेवटच्या तीन महिन्यांत आईच्या जननमार्गात हर्पीसचा नवा संसर्ग झाला तर, किंवा कळा सुरू होताना तिथे फोड असले तर. तसं असेल तर सिझेरियनचा निर्णय घेतला जातो. म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांना ओठावरच्या फोडाबद्दल सांगा. 'खाली कधी फोड आले होते का' असं त्यांनी तुमच्या पत्नीला विचारलं, तर तो त्यांचा नेहमीचा प्रश्न आहे हे लक्षात ठेवा. त्यातून नवा संशय काढत बसू नका.

खरी सावधगिरी बाळ हातात आल्यावर लागते. नवजात बाळाची प्रतिकारशक्ती इतकी कच्ची असते की जो विषाणू मोठ्यांच्या ओठावर आठवडाभर बसून निघून जातो, तोच बाळाच्या यकृतात आणि मेंदूत पसरू शकतो. असं क्वचित होतं, पण झालं तर जिवावर बेततं. त्यामुळे ओठावर फोड किंवा खपली असलेल्या कोणीही, मग ती आजी असो, आत्या असो की तुम्ही, बाळाची पापी घ्यायची नाही. हे सांगायचं काम तुमचं. बाळंतिणीला लोकांशी वाईटपणा घ्यायला लावू नका. तुमच्या पत्नीलाच तेव्हा पुन्हा फोड आला तर तिने मास्क लावावा, हात धुवावेत, पापी घेऊ नये. अंगावर पाजायला हरकत नाही, फक्त स्तनावर फोड असेल तर त्या बाजूने पाजू नये आणि लगेच डॉक्टरांना दाखवावं. पहिल्या सहा आठवड्यांत बाळ दूध ओढेनासं झालं, मलूल पडलं, अंग तापलं किंवा उलट गार पडलं, झटका आला, अंगावर पाण्याचा एखादा फोड दिसला, तर सकाळ होण्याची वाट बघायची नाही. दवाखान्यात जायचं आणि 'घरात ओठावर हर्पीस होता' हे वाक्य स्वतःहून बोलायचं.

राहिला तुमच्या दोघांतला अबोला. तुम्ही मला 'तिला कसं समजावू' असं विचारलेलं नाही, 'तपासणी असते का' असं विचारलंत, यावरून अजून तुम्ही पुरावाच शोधताय असं दिसतं. तिला समजवायचं काहीच नाही. चूक तुमची आहे, ती तुम्ही कबूल करायची, आणि तीही 'पण मोबाइलवर लिहिलं होतं' हे शेपूट न जोडता. लग्नाआधी तिच्या आयुष्यात कोणी होतं की नव्हतं, हे या फोडावरून ठरत नाही. ज्या मुलीला कोणी कधी स्पर्श केला नाही तिलाही तो येतो. ती लगेच पूर्वीसारखी बोलेल असं धरून चालू नका. सातव्या महिन्यात, ओठ ठणकत असताना असा प्रश्न ऐकलेल्या बाईला विसरायला खपलीपेक्षा जास्त दिवस लागतात.

आणि आता ते लेन्सचं. तुम्ही सहज लिहून गेलात, मी मात्र तिथे थांबले. ओठावरचा फोड जिवंत असताना त्याला लागलेलं बोट डोळ्यात जाणं ही या आजारातली टाळता येण्यासारखी जोखीम आहे. हा विषाणू बुबुळावर व्रण करतो, तो पुन्हा पुन्हा उलटतो आणि बुबुळावर कायमचा डाग पडून नजर अधू होऊ शकते. खपली गळेपर्यंत तिला चष्मा वापरू द्या. लेन्स कधीच, फोड असो वा नसो, थुंकीने ओली करायची नाही. एक डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईना किंवा धूसर दिसू लागलं, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे घेऊन जा. घरात उरलेले कुठलेही थेंब घालू नका, त्यात स्टेरॉइड असलं तर दुखणं झाकलं जातं आणि व्रण खोल जातो. चष्मा जुना असेल, नंबर बदलला असेल, तर आजच तिच्यासोबत जाऊन नवा करून घ्या.